आधी म्हणणं, मग रेषा

बाळ, वर्तमानपत्रात रोजचं व्यंगचित्र काढण्याचं काम तुला मिळालं, याचा मनापासून आनंद झाला. हे काम शिकवणारी शाळा आमच्या वेळी नव्हती. वरिष्ठांच्या टेबलाशी उभं राहायचं, ते काय खोडतात ते बघायचं आणि घरी येऊन हात चालवायचा, हेच शिक्षण. त्यांनी मला जे सांगितलं आणि पुढे कामाने जे पटवलं, ते तुझ्या हाती देतो आहे. सगळ्याचं मूळ एकच: आपल्याला काय म्हणायचं आहे ते आधी पक्कं करायचं, रेषा त्यानंतर. रेषा सुरेख असूनही चित्र पोकळ राहतं, ते म्हणणंच ठरलेलं नसल्यामुळे.

सकाळ वाचनाला दे

सकाळी पेन्सिलीला हात लावू नकोस. मथळे सगळेच वाचतात. तू आतली पानं वाच. जिल्ह्याचं पान, निविदांच्या जाहिराती, विधिमंडळातली लेखी उत्तरं, न्यायालयाच्या बातम्या. आपल्या विचारांचं एक आणि विरोधी विचारांचं एक अशी दोन वर्तमानपत्रं तरी रोज नजरेखालून गेली पाहिजेत.

वाचताना कागदाचे दोन भाग कर. एका बाजूला कोण काय बोललं, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षात काय झालं. मंत्री म्हणतात टँकरमुक्ती झाली आणि त्याच दिवशी तालुक्याच्या बातमीत टँकरच्या फेऱ्या वाढलेल्या असतात. दोन रकान्यांतलं हे अंतर म्हणजे तुझं रोजचं शेत. पाणी, शेतमालाचे भाव, परीक्षा, रस्ते, इस्पितळं अशा विषयवार कात्रणांच्या फायली ठेव. आजच्या विधानाशेजारी त्याच माणसाचं तीन वर्षांपूर्वीचं विधान ठेवता आलं, तर निम्मं काम झालं.

म्हणणं एका वाक्यात लिही

‘महागाई’ हा विषय झाला. ‘डाळीचा भाव उतरल्याची घोषणा होते, पण दुकानदाराला ती कळवायची राहून जाते’ हे म्हणणं झालं. वाक्यात कर्ता हवा, क्रियापद हवं आणि कोण कोणाचं काय करतो आहे ते कळायला हवं. वाक्य लिहिता येत नसेल तर वाचायला परत जा. कागदावर रेघोट्या मारत बसून ते सापडत नाही.

अबू अब्राहम यांचं 10 डिसेंबर 1975 चं चित्र आठव. इंडियन एक्स्प्रेसमध्ये छापून आलेलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसले आहेत, किलकिल्या दारातून कोणाच्या तरी हाती सही केलेला कागद देत आहेत आणि आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा, असं म्हणत आहेत. आणीबाणी लागून पाच-सहा महिने झाले होते. तिच्या घोषणेवर याच राष्ट्रपतींनी 25 जूनच्या रात्री सही केली होती. अबूंचं वाक्य सरळ होतं: देशाचा सर्वोच्च माणूस न वाचता, न विचारता सह्या करतो आहे. ते इतकं पक्कं होतं म्हणून चित्रात फार काही लागलं नाही. एक टब, एक दार, एक हात.

पहिली कल्पना बाजूला ठेव

पहिली सुचते ती सगळ्यांनाच सुचते. बुडणारी होडी, रस्सीखेच, सापशिडी, खुर्चीभोवती संगीत. ती कागदावर उतरवून मोकळी हो, म्हणजे डोकं रिकामं होईल. मग दुसरी, तिसरी, चौथी शोध. काडेपेटीएवढ्या चौकोनांत पेन्सिलीने भराभर मांडून बघ. एवढ्या लहान आकारात जी कल्पना कळते, तीच मोठ्या आकारात टिकते.

उपमा वाचकाच्या घरातून, गावातून उचल. एसटीची वाट बघणारा थांबा, रेशनची रांग, लग्नाची पंगत, पोळ्याला रंगवलेले बैल, सोसायटीची वार्षिक सभा, लोकलच्या दारातली गर्दी. मराठी वाचक इथे क्षणात पोहोचतो. परदेशी मासिकातली कल्पना उचलशील तर आधी ती समजावून सांगावी लागेल, आणि समजावलेलं चित्र मेलेलं असतं.

प्रसंग जितका भयंकर, तितकी मांडणी शांत ठेव. डेव्हिड लो यांनी 20 सप्टेंबर 1939 रोजी लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्डमध्ये हिटलर आणि स्टालिन यांची भेट काढली. दोघे टोपी काढून, कमरेत वाकून, अत्यंत अदबीने एकमेकांना सणसणीत शिव्या देत आहेत आणि मधे पोलंडचं प्रेत पडलं आहे. सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरून तीनच दिवस झाले होते. लोंनी तोफा काढल्या नाहीत, रक्ताचे पाट काढले नाहीत. वाकलेल्या दोन कमरा पुरल्या. पुढे मुंबईत व्यंगचित्रं काढू लागलेल्या तरुणांनी लोंची चित्रं घासून अभ्यासली. फ्री प्रेस जर्नलमध्ये एकत्र काम केलेले आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे, दोघेही लोंना मानत. दोघांच्या कुंचल्याची जाड-बारीक होत जाणारी रेषा शेजारी शेजारी ठेवून बघ. एकाच घराण्यातून निघून दोन माणसं किती वेगळी गातात ते कळेल.

उपमा सगळ्यांच्या डोळ्यांनी बघून घे

व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 मध्ये राज्यघटनेच्या कामाला लागणाऱ्या वेळावर एक चित्र काढलं. घटना म्हणून गोगलगाय, तिच्यावर डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. पुढे ते शाळेच्या पाठ्यपुस्तकात आलं आणि त्यावरून 2012 मध्ये मोठा वाद झाला, संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे एक मुख्य सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयावर हल्ला झाला. हल्ल्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण चित्रकाराने यातून एक गोष्ट घ्यायची. 1949 च्या वाचकाला त्यात घटनेची संथ गती दिसली असेल. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पाठीवर चाबूक पडला, त्यांच्या नातवंडांना त्यात चाबूक दिसला.

म्हणून चित्र देण्याआधी एकदा तुझ्यापेक्षा वेगळ्या जन्माच्या, वेगळ्या वस्तीतल्या माणसाच्या नजरेने ते बघ. जात, रंग, अपंगत्व, बाईचं शरीर यांवर उभा राहणारा विनोद पहिल्याच कच्च्या चित्रात खोडून टाक. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्या अधिकाराला टोच. जन्माने मिळालेल्या गोष्टीला नाही. हे भीतीपोटी सांगत नाही. चुकीच्या जागी लागलेला बाण खऱ्या दोषीला मोकळं सोडतो, म्हणून सांगतो.

चेहरा फोटोवरून घे, माणूस चालताना बघ

अर्कचित्राला नाक-कान मोठे करणं पुरत नाही. संधी मिळाली की विधिमंडळाच्या पत्रकार कक्षात, प्रचारसभेत जाऊन बस. नेता उभा कसा राहतो, खुर्चीत किती जागा घेतो, बोलताना हात कुठे नेतो, उपरणं कितीदा सावरतो, हे टिपून घे. पाठमोरा काढूनही ओळखू आला, की तो तुझ्या हातात बसला असं समज. एका चेहऱ्यात एकच गोष्ट वाढव. चार वाढवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

नवा मुख्यमंत्री आला की पहिले काही आठवडे त्याचं रूप बदलत राहील. घाई करू नकोस, पण एकदा रूप ठरलं की त्याला धरून राहा, कारण वाचकही ते तुझ्याबरोबर शिकत असतो. पॅरिसमध्ये 1831 मध्ये शार्ल फिलिपाँ यांनी राजा लुई फिलिपचं तोंड चार पायऱ्यांत पेअर या फळासारखं होत जाताना दाखवलं आणि बघता बघता ते फळ म्हणजेच राजा असं लोक मानू लागले. त्यांचा सहकारी ओनोरे दोमिए याला राजाला खादाड राक्षसाच्या रूपात दाखवल्याबद्दल 1832 मध्ये तुरुंगात जावं लागलं. न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी विल्यम ट्वीड याच्या धडावर थॉमस नास्ट यांनी डोक्याच्या जागी पैशाची थैली ठेवली. पुढे परागंदा झालेला ट्वीड 1876 मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला, तेव्हा नास्टच्या चित्रावरून त्याची ओळख पटली. वाढवलेल्या रूपात माणूस ओळखू येतो, कारण ते रूप त्याच्या वागण्यातून काढलेलं असतं.

छपाई समजून घे

व्यंगचित्रकाराचा खरा कागद म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. तो शाई पितो. बारीक रेषांची जाळी दाट झाली की तिथे काळा डाग उमटतो, फार नाजूक रेष गळून जाते. आम्ही टाकाने आणि कुंचल्याने, काळ्या शाईत, छापायच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट मोठं काढत असू, कारण लहान होताना रेष घट्ट होते. तू पडद्यावर काढत असलीस तरी नियम तोच. काम चालू असताना मधूनमधून ते एका कॉलमाच्या रुंदीचं करून बघ आणि फोनवरही बघ. चेहऱ्यावरचा भाव तिथे दिसत नसेल तर रेषा कमी कर.

भरीव काळा रंग एकाच ठिकाणी टाक, जिथे वाचकाची नजर आधी जायला हवी तिथे. कच्चं चित्र उलटं करून, उजेडासमोर मागच्या बाजूने बघ; तोल गेलेली आकृती लगेच कळते. संगणकावर ब्रशांची शेकडो रूपं मिळतात; त्यांतली एक-दोन निवड आणि वर्षभर तीच वापर. खोडणं सोपं झालं म्हणून रेषा भित्री होऊ देऊ नकोस. कोपरापासून हात फिरव, एका दमात रेष ओढ.

आणि रोज बघून काढ. हात, चपला, सायकल, रिक्षा, पाठीवरची पोती, फायलींचे ढीग. गोव्याच्या मारिओ मिरांडा यांनी तरुणपणी चित्रांची रोजनिशी ठेवली होती. गर्दीतल्या प्रत्येक माणसाला स्वतःचं काम असलेली त्यांची पुढची चित्रं त्या वह्यांतून तयार झाली. लक्ष्मण आयुष्यभर कावळे काढत राहिले. राजकारणाशी काहीही संबंध नसलेलं हे काढणं हाताला जिवंत ठेवतं. हाताला वस्तू माहीत असल्या की डोकं म्हणण्याकडे लक्ष देऊ शकतं.

शब्द सर्वांत शेवटी

चित्र पुरं झाल्यावर ओळ लिही. लिहिल्यावर ती झाकून शेजारच्या उपसंपादकाला चित्र दाखव. निम्मं तरी कळलं पाहिजे. चित्रात जे दिसतं तेच ओळीत सांगितलं असेल तर ओळ काढून टाक. वस्तूंवर नावं लिहायची सवय लावून घेऊ नकोस. बैलाच्या पाठीवर ‘शेतकरी’ आणि खड्ड्यावर ‘कर्ज’ लिहावं लागत असेल तर उपमा बसलेली नाही.

शि. द. फडणीस यांची शब्दांवाचूनची चित्रं समोर ठेवून बस. ती राजकीय नाहीत, हास्यचित्रं आहेत, पण केवळ वस्तूंच्या मांडणीतून विचार पोहोचवायला त्यांच्याइतका चांगला शिक्षक नाही. वसंत सरवटे यांचीही चित्रं बघ आणि व्यंगचित्रकलेवरचं त्यांचं लेखन वाच. आपल्या भाषेत या कलेचा इतका बारकाईने विचार झाला आहे, हे आपलं भाग्य.

लक्ष्मण यांचा कॉमन मॅन 1951 पासून टाइम्स ऑफ इंडियात येत राहिला. चौकडीचा कोट, धोतर, चष्मा, आणि तोंडातून शब्द नाही. बोलतात ते पुढारी, अधिकारी, क्वचित त्याची बायको. तो नुसता हजर असतो, म्हणून पुढाऱ्याचं वाक्य पुढाऱ्यावरच उलटतं. चित्रात सगळ्यांना बोलायला लावायचं नसतं, हे तिथून शिकायचं.

मजकूर स्वतःच्या अक्षरात लिही. वेलांट्या आणि रफारांना वर जागा ठेव. आधी बोलणारा डावीकडे, उत्तर देणारा उजवीकडे. शुद्धलेखन मुद्रितशोधकाकडून तपासून घे, रोज.

घड्याळाशी वैर नको

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान छपाईला आधी सुटतं, शहराचं उशिरा. तुझं चित्र कुठल्या पानावर आणि ते पान कधी सुटतं, हे विचारून घे. दुपारपर्यंत वाक्य, त्यानंतर तासाभरात कल्पना, संध्याकाळपर्यंत पक्कं चित्र, असा क्रम बसव. कल्पना अडली तरी ठरलेल्या वेळी थांबून जवळ असलेल्यांतली बरी निवड. साधी पण खरी कल्पना वेळेवर गेलेली बरी.

पान सुटायच्या आधी वृत्तसंपादकाला एकदा विचार: काही बदललं का? ज्याच्यावर चित्र काढलं तो इस्पितळात गेला असेल, घाटात बस कोसळली असेल, तर आजचं चित्र उद्यावर ढकल. चार-पाच चित्रं शिलकीत असू देत, ऋतूंवरची, रस्त्यांवरची, परीक्षांवरची. आजारपणात ती उपयोगी पडतात. पण मोठ्या दुःखाच्या दिवशी शिलकीतला विनोद छापू देऊ नकोस.

संपादकाशी बोल, आणि नाकारलेलं जपून ठेव

संपादकाला दोन-तीन कच्ची चित्रं दाखव आणि बोलताना आधी म्हणणं सांग. नकार आला तर कारण नीट विचार. तपशील चुकला असेल तर दुरुस्त कर. कायद्याची अडचण असेल तर वकिलाचं मत घ्यायला सांग. अभिरुचीचा प्रश्न असेल तर शांतपणे ऐक. अनेकदा त्यांचं बरोबर असतं. कारण नुसतं भीतीचं असेल तर वाद वाढवू नकोस, पण चित्र फाडूही नकोस. मागे तारीख आणि नकाराचं कारण लिहून फायलीत ठेव. आणीबाणीत सेन्सॉरने अडवलेली अबूंची चित्रं 1977 मध्ये पुस्तकात आली. त्यांनी ती जपली म्हणून आज तो काळ आपल्याला दिसतो.

शंकर्स वीकली 1948 मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झालं. मलाही सोडू नका, असं नेहरूंनी शंकरना सांगितलं होतं. आणीबाणी लागली त्याच वर्षी, 1975 मध्ये, ते साप्ताहिक बंद झालं. टीका सहन करणारा सत्ताधीश आपल्या नशिबात असेलच असं धरून चालू नये. आपली तयारी आपण ठेवायची.

प्रत्येक चित्रामागे कागद ठेव

ज्या बातमीवर, अहवालावर चित्र उभं आहे त्याची प्रत त्याच दिवशी फायलीत लाव. अर्ध्या ऐकीव गोष्टीवर चित्र काढू नकोस. रेषेला खुलासा देता येत नाही.

तमिळ साप्ताहिक आनंद विकटनच्या मुखपृष्ठावर 1987 मध्ये आमदार आणि मंत्र्यांवर विनोदी चित्र आलं, तेव्हा विधानसभेने हक्कभंग मानून संपादक बालसुब्रमण्यम यांना तुरुंगात पाठवलं. सगळीकडून निषेध झाल्यावर काही दिवसांतच त्यांची सुटका झाली. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना 2012 मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं, की चित्रातून हिंसेला चिथावणी नसेल तर निव्वळ सरकारवरची टीका राजद्रोह ठरत नाही. कायद्यांची नावं आणि कलमं बदलत राहतात. म्हणून चांगल्या वकिलाशी ओळख ठेव आणि शंका आली की छापण्याआधी विचार.

धमकी आली तर उत्तर देऊ नकोस. संदेश जपून ठेव, संपादकाला सांग, लेखी तक्रार कर. घरच्यांपासून लपवू नकोस.

हक्क आणि पोट

नेमणुकीचा कागद नीट वाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत काढलेलं चित्र वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा. बाकीचे हक्क, म्हणजे पुस्तक, प्रदर्शन वगैरेंचे, चित्रकाराचे. ‘सर्व हक्क कायमचे’ असं कलम समोर आलं तर सही करण्याआधी बोलणी कर. मूळ चित्रं परत माग. मागे तारीख लिही, सपाट ठेव, चांगल्या दर्जाचं स्कॅन करून घे.

दिवाळी अंकांचं काम सोडू नकोस. आवाज, मोहिनी यांसारख्या अंकांनी मराठी व्यंगचित्रकाराला पानं दिली, रंग दिले आणि रोजच्या बातमीबाहेरचा श्वास दिला. पावसाळ्यातच त्यांच्यासाठीच्या कल्पना वहीत टिपायला लाग. सरवटे यांनी आयुष्यभर अभियंत्याची नोकरी केली. पोटाची सोय दुसरीकडून असणं कमीपणाचं नाही. त्यामुळे म्हणण्यावर कोणाचा दाब राहत नाही.

वर्षाअखेरीस हिशेब मांड

दर डिसेंबरात वर्षभराची चित्रं जमिनीवर पसर आणि कागद घेऊन बस. कोणाला किती वेळा काढलं? सत्तेतला कोणता माणूस एकदाही आला नाही? त्याच्यावर काढण्यासारखं काहीच घडलं नव्हतं, की आपल्याला तो आवडतो? मुंबई-पुण्याबाहेरचा महाराष्ट्र किती चित्रांत आहे? बायका येतात त्या फक्त लाटणं घेऊन येतात का? शेतकरी फक्त आत्महत्येच्या बातमीपुरताच येतो का? तीच उपमा कितीदा वापरली?

मग प्रत्येक चित्राखाली त्याचं वाक्य पुन्हा लिहून बघ. ज्या चित्राचं वाक्य लिहिता येत नाही, ते बाजूला काढ. उरलेल्या वाक्यांपैकी जी आजही तुला खरी वाटतात, ती त्या वर्षाची तुझी कमाई. कोणत्या विषयांना आपण हात लावला नाही, त्यांची यादी कर, वहीच्या पहिल्या पानावर चिकटव आणि जानेवारीत तिथूनच वाचायला सुरुवात कर.